एव्हिस पेलचा हात

एल्डरब्रूकमध्ये मूल जाणतं झालं की ते दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवत. गरिबाचंच नव्हे, खाऊनपिऊन सुखी घरातलंसुद्धा. आईबापाजवळ मूल लाडावतं आणि आईबाप देवापेक्षा त्याच्यातच जास्त गुंततात, म्हणून हा इलाज. परक्या घरी फटका देताना कुणाचा हात अडत नाही आणि मारून झाल्यावर कुणी कुशीत घेत नाही, त्यामुळे पोर सरळ होतं, असं मोठी माणसं सांगत. ज्यांची पोरं गेली होती त्या बायका चुलीपुढे डोळे पुसत आणि धूर फार झालाय म्हणत. गावातल्या सगळ्याच घरांत धूर फार होता.

एव्हिस पेलला एकच मुलगी, बेथाया. नवरा एका हिवाळ्यात नदीवरच्या बर्फातून खाली गेला तो गेलाच. ओढ्याकाठचं घर, दोन गायी, जवसाचा एक पट्टा आणि या दोघी, एवढाच संसार. बेथायाला चौदावं लागलं तरी ती घरीच, हे लोकांच्या डोळ्यांवर यायला लागलं तेव्हा पाद्री हॉली स्वतः ओढ्याकाठी जाऊन एव्हिसला समजावून आले. लगेचच बेथाया कपड्यांचं गाठोडं घेऊन इनॉक थॉर्प यांच्या घरी गेली. थॉर्प हे चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रींच्या खालोखाल गावातलं वजनदार माणूस. असं घर मिळायला नशीब लागतं, असं चारचौघींनी एव्हिसला ऐकवलं. तिनेही मान डोलावली.

मुलगी ठेवली की आईने तिकडे फिरकायचं नाही, हा त्या रिवाजाचा दुसरा अर्धा भाग. तो काही एव्हिसला जमला नाही. कधी तिची गाय नेमकी थॉर्पांच्या कुरणात शिरायची, कधी चाळण मागायला यावं लागायचं. बेथाया पाणी न्यायला बाहेर आली की आई कुंपणापलीकडे उभी. बोलणं फारसं नाहीच. पायात जोडा धड आहे का, चेहरा उतरलाय का, एवढं बघायचं आणि जायचं. कुंपणावरून हात घालायची सोय नव्हती, कारण खिडकीत थॉर्पबाई असत. एकदा त्यांनी ऐकवलंच, "पेलबाई, मुलगी आमच्याकडे ठेवलीय, की तुम्हीच राहायला यायच्या बेतात आहात?" एव्हिस हसली, चुकलं म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात तिची गाय पुन्हा वाट चुकली.

थॉर्पांची मुलगी सायलेन्स बेथायापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. सायलेन्स म्हणजे मौन. आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलेलं नाव. पोरगी बडबडी, खादाड आणि मनाने चांगली होती, पण भित्री इतकी की रविवारी पाद्रींनी नरकाचं वर्णन केलं की बुधवारपर्यंत तिचा डोळा लागत नसे. दोघी एकाच बिछान्यात झोपत. घरच्या आठवणीने बेथायाला हुंदका आला की सायलेन्स काही न बोलता आपलं पांघरूण तिच्या अंगावर सरकवायची. हे सांगायलाच हवं, कारण पुढच्या पिढ्यांतल्या लोकांनी या पोरीलाही राक्षसीण ठरवलं आणि ती राक्षसीण नव्हती.

तिथे पाऊस उन्हाळ्यातही पडतो, पण पुढच्या वर्षी तो पडलाच नाही. मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. मग उपासाचा दिवस जाहीर झाला. सूर्य मावळेपर्यंत कुणी अन्नाला शिवायचं नाही, साऱ्या गावाने सभाघरात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये बसून पापांची क्षमा मागायची. त्या सकाळी सभाघराच्या दारातल्या गर्दीत एव्हिसने लेकीच्या हाती फडक्यात बांधलेलं काहीतरी सरकवलं. मेपलची साखर घातलेला मक्याचा रोट होता. "आज नाही हं," ती पुटपुटली, "उद्या खा." बेथायाने तो ॲप्रनखाली दडवला. दोन प्रवचनांच्या मधल्या वेळात बेथाया आणि सायलेन्स तबेल्यामागे जाऊन बसल्या तेव्हा सायलेन्सला त्याचा वास आला, आणि मग उद्यापर्यंत कोण थांबतंय. रोट मोडला तेव्हा मोठा तुकडा सायलेन्सने घेतला.

संध्याकाळी तिच्या पोटात मुरडा आला. दिवसभराच्या रिकाम्या पोटात गोडधोड कोंबलं की मुरडा येतोच. पण सायलेन्सला तो देवाचा हात वाटला. सारं गाव पावसासाठी उपाशी बसलंय आणि आपण चोरून खाल्लं. आता पाऊस पडला नाही तर तो आपल्या पापाने. हे सांगणार कुणाला? बाप डीकन, आई डीकनची बायको. तिने ते गिळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलं ते अंग ताठ होऊन, डोळे फिरवून, किंचाळत.

शेजारगावचा वैद्य आला, बघितलं आणि हा आजार आपल्या विद्येतला नाही म्हणून घोड्यावर बसला. मग पाद्री आले. घरात प्रार्थनेवर प्रार्थना सुरू झाली, शेजारीपाजारी भिंतीला टेकून बघत उभे राहू लागले, आणि येणारा प्रत्येकजण वाकून एकच विचारायचा, "कोण छळतंय तुला, बाळ? नाव सांग." काय झालं असं कुणी विचारलं नाही. कुणी केलं एवढंच विचारलं. शेवटी सायलेन्सच्या तोंडून निघालं, "रोट." आणि बऱ्याच वेळाने, "पेलबाईंचा रोट."

एवढ्यावर भागलं. कुंपणाशी उभं राहणं, वाट चुकणारी गाय, मागितलेली चाळण, सगळ्याला एकदम अर्थ आला. ती बाई तासन्‌तास आपल्या घराकडे टक लावून बघायची, असं थॉर्पबाईंनी सांगितलं. कुणाकडे बघायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांची पोटची पोर जमिनीवर तडफडत होती आणि दोष द्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

एव्हिसला चेटकीण म्हणून पकडून लोहाराच्या कोठीत डांबलं, आणि त्याच दिवशी बेथायालाही पहिला झटका आला. ते नाटक नव्हतं. कित्येक रात्री ती सायलेन्सच्या किंचाळ्यांनी जागी होती, रोट आपणच आत आणला हे मनाला खात होतं, आणि आईला दोर बांधून नेताना तिने खिडकीतून पाहिलं होतं. हातापायांत ओढ आली, फरशी वर आली आणि कुणीतरी ओरडतंय असं तिला लांबून ऐकू आलं. शुद्धीवर आली तेव्हा सगळे भोवती वाकलेले. "नाव सांग, बेथाया." तिने ओठ घट्ट मिटून घेतले. त्यानंतर झटके येत राहिले, पण नाव तिने एकदाही घेतलं नाही.

पाद्री हॉली रोज कोठीत जाऊन एव्हिसला कबुली द्यायला सांगत. कायदा असा होता की चेटकाच्या खटल्यात कबुली तरी हवी, नाहीतर डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार तरी. कबुली दिली तर फाशी ठरलेली, पण निदान आत्मा वाचेल, असं पाद्रींचं म्हणणं. ते थॉर्पांकडे येऊन हताश होऊन सांगायचे की बाई दगड आहे, आणि चरख्यामागे बसलेली बेथाया ऐकायची. एव्हिसने त्यांना उत्तर दिलं होतं, "पाद्रीबाबा, मी केलं नाही ते केलं म्हणू? देवाच्या नावाने खोटी शपथ घेणारा कुठे जातो ते तुम्हीच दर रविवारी सांगता. फाशी द्यायची तर द्या. पण मला माझ्या पोरीला वर भेटायचंय."

हे बोलणं बेथायाने मनात धरून ठेवलं. नरक म्हणजे त्या गावात बोलायची पद्धत नव्हती. नदीपलीकडे डोंगर आहे तसा मेल्यानंतर नरक आहे, आणि तिथे गेलेला परत येत नाही, हे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरून चालत. त्यातही एव्हिस खोट्याला भिणारी. बाजारात अंडं शिळं असलं तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगून मोकळी होणारी. ती कबूल होणार नाही आणि साक्षीदार तर कुणी नाही, म्हणजे आई सुटेल, असा हिशेब बेथायाने मांडला होता. तो चुकीचाही नव्हता.

मोठ्या गावाहून न्यायाधीश आले आणि सभाघरातच चौकशी बसली. एका बाजूच्या बाकांवर पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, खिडक्यांत पोरं. आधी शेजाऱ्यांच्या जबान्या झाल्या. कुणाचं लोणी आलं नव्हतं, कुणाची डुकरीण मेली होती. मग न्यायाधीशांनी स्पर्शाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. चेटकिणीच्या नजरेतून विष निघून पोरीच्या अंगात शिरतं, आणि तिनेच हात लावला की ते विष तिच्याकडे परत जाऊन पोर शांत होते. शिकलेल्या माणसांच्या ग्रंथांत तसं होतं म्हणे.

एव्हिसला आत आणलं तशी सायलेन्स कोसळली. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, एव्हिसचा हात धरून तिच्या मनगटावर टेकवला, आणि सायलेन्स गप्प झाली. दमलेली पोर ती. कुणाच्याही हाताने गप्प झाली असती. पण दुसऱ्या कुणाचा हात लावून बघावं असं एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही सुचलं नाही.

मग बेथायाकडे वळले. ती आधीच जमिनीवर होती. आईला आत आणलेलं पाहिलं तेव्हाच ती कोसळली होती. केस चिकटलेले, पायात बेड्या, आणि दंड किती बारीक झालेले. पण डोक्यात एक गोष्ट अजून जागी होती. गप्प व्हायचं नाही. हात लागला तरी ओरडत राहायचं, लाथा झाडायच्या, मग त्यांची परीक्षा खोटी ठरेल. तिच्या डोळ्यांवर फडकं आवळलं गेलं. ती जिवाच्या आकांताने ओरडत राहिली आणि तिचं डोकं फरशीवर आपटत राहिलं.

एव्हिसलाही परीक्षा कळत होती. नुसतं बोट टेकवून तिला हात काढून घेता आला असता. तसं करायचं तिने ठरवलंही असेल. पण समोर स्वतःची पोर फरशीवर डोकं आपटतेय म्हटल्यावर कुठली आई बोट टेकवून थांबेल? ती बेड्यांसकट खाली बसली, एक हात पोरीच्या डोक्याखाली घातला आणि दुसरा सबंध तळवा तिच्या कपाळावर ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची तसा.

वर्ष उलटून गेलं होतं त्या हाताला. मधे कुंपण होतं आणि खिडकीत थॉर्पबाई होत्या. बेथायाने ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. आधी पाय सैल पडले, मग मुठी उघडल्या. ओरड, ओरड, असं ती स्वतःला सांगत होती, पण अंग ऐकेना. ते आईच्या हाताखाली निवांत झालं आणि डोळ्यांवरचं फडकं ओलं व्हायला लागलं.

सभाघरात कुजबुज पसरली. न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं. एव्हिसला ओढून बाजूला केलं तेव्हा बेथाया फडकं काढून उठून बसली आणि म्हणाली, "साहेब, ती माझी आई आहे. म्हणून मी गप्प झाले."

"सायलेन्स थॉर्पची तर ती आई नव्हे ना?" न्यायाधीश म्हणाले.

मग बेथायाने सगळंच सांगून टाकलं. रोट चांगला होता, आईने दुसऱ्या दिवशी खा म्हटलं होतं, आम्हीच उपास मोडला, तबेल्यामागे बसून खाल्ला, आणि हा त्याचाच त्रास आहे. न्यायाधीशांनी सायलेन्सला विचारलं. सायलेन्सने बापाकडे पाहिलं. साऱ्या गावादेखत, पावसाच्या उपासाला, डीकनच्या मुलीने चोरून खाल्लं, हे ती बोलू शकली नाही. तिने नाही म्हणून मान हलवली. तो रोट आपण घरी, दुसऱ्या दिवशी खाल्ला म्हणाली.

त्यानंतर हवा फिरली. थॉर्पबाई उठल्या आणि विचारू लागल्या की रोट घरात आणला कुणी? एवढ्या वेळा विचारूनही या मुलीने नाव का सांगितलं नाही? आणि आता भर सभेत माझ्या मुलीवर उपास मोडल्याचं किटाळ घालतेय ती कुणाच्या सांगण्यावरून? बाकांवरच्या माना बेथायाकडे वळल्या. आईची विद्या लेकीला असतेच, असं कुणीतरी मागून म्हणालं. न्यायाधीश एकमेकांशी हळू बोलले आणि त्यांनी हुकूम दिला की सुईणीने आणखी दोघींना घेऊन मुलीचं अंग तपासावं. सैतान आपल्या माणसाच्या अंगावर खूण ठेवतो, ती सापडते का बघावी.

बेथायाच्या डाव्या काखेखाली जन्मापासून एक तांबडा उंचवटा होता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिला न्हाऊ घालणाऱ्या.

सुईण उठली तेवढ्यात एव्हिस पेल बोलली. "तिला नका तपासू. तिला काही माहीत नाही. मीच केलंय."

न्यायाधीशांनी विचारलं, शपथेवर सांगतेस? पाद्री हॉली बायबल घेऊन पुढे आले. एव्हिसने एकदा त्या पुस्तकाकडे पाहिलं आणि त्याच्यावर हात ठेवला, नुकताच जो लेकीच्या कपाळावर होता तो. "शपथेवर," ती म्हणाली. "रोटात चेटूक मी घातलं. डीकनच्या घरी राहून माझी पोर देवाच्या वाटेला लागत होती. ते माझ्या धन्याला, सैतानाला, नको होतं. म्हणून तिलाही मीच छळलं. ती मला नाही नाही म्हणत राहिली, तिने त्याचं काही ऐकलं नाही. तिच्यासारखी पोर गावात नाही, साहेब."

त्यांना जे ऐकायचं होतं तेच तिने दिलं, आणि त्यात लेकीची सुटका बेमालूम शिवून दिली.

बेथायाला पहिल्यांदा ते खरंच वाटलं. आई खोटं बोलत नाही. मग हे खरं असणार. आणि पुढच्याच क्षणी तिला काखेखालची ती खूण आठवली, आणि आईने काय केलं ते उमगलं. नुसता गळा दोराला दिला नव्हता. बायबलवर हात ठेवून, देवासमोर, एव्हिस पेल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि तसं बोलणारा कुठे जातो हे तिला पक्कं माहीत होतं. बेथाया "नाही" म्हणून ओरडायला उठली, पण थॉर्पबाईंनी तिला धरून छातीशी दाबलं. सोड बाळ, सुटलीस तू, असं त्या रडत रडत म्हणत होत्या. आता त्यांना तिची खरोखरच माया आली होती.

फाशीची शिक्षा तिथल्या तिथे सुनावली गेली. फाशीच्या आधी पाद्री हॉली बेथायाला कोठीवर घेऊन गेले. गुन्हेगाराने क्षमा मागायची आणि ज्याला छळलं त्याने ती द्यायची, अशी पद्धत होती. पाद्री दोघींच्या मधेच उभे राहिले, त्यामुळे खरं बोलायला जागा नव्हती.

"मला क्षमा कर, बेथी," एव्हिस म्हणाली.

क्षमा केली म्हणायचं म्हणजे आईने गुन्हा केला असं म्हणायचं. पाद्री हळूच म्हणाले, बोल मुली. ती आईकडे बघत राहिली. वर भेटायचं म्हणाली होतीस ना, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि तेच विचारता येत नव्हतं.

"म्हण ना गं," एव्हिस म्हणाली. "म्हण, म्हणजे मी सुटले."

"केली," बेथाया म्हणाली.

"शहाणी माझी. थंडी पडायच्या आत जोडा शिवून घे, डावा उसवलाय." मग ती पाद्रींना म्हणाली की आता हिला न्या.

फाशीला बेथायाला नेलं नाही. ती परसात शेंगा सोलत होती. कुरणाच्या टोकाकडून नगारा वाजत गेलेला तिने ऐकला, आणि मग तो थांबला. थॉर्पबाई घरी परतल्या तेव्हा त्यांनी तिला गरम दूध दिलं.

त्यानंतर झटके बंद झाले. सायलेन्सचे झाले, बेथायाचेही झाले. पुढच्या आठवड्यात पाऊसही आला. गावाला आणखी काय हवं होतं? बेथायाला मात्र एक झटका हवा होता. आई मेल्यावरही झटका आला तर आईने छळलं नव्हतं हे उघड होईल. ती कोठारात जाऊन पडायची, श्वास कोंडायची, हातपाय ताणायची. काही व्हायचं नाही. भूक लागायची, झोप यायची, गालांवर रंग चढत होता. ज्या अंगाने भर सभेत आईचा घात केला तेच आता रोज ठणठणीत होऊन तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

एकदा लोकर विंचरताना सायलेन्स हळूच म्हणाली, "मला वाटत होतं उपास मोडला म्हणून झालं सगळं. मी मेल्याहून मेले होते गं. पण तुझी आई स्वतःच कबूल झाली. म्हणजे मी काही खोटं नाव घेतलं नव्हतं, हो ना?" तिचे डोळे इतके केविलवाणे झाले होते की बेथायाने मान डोलावली. आईच्या एका खोट्यावर सगळ्यांचीच झोप परत आली होती.

पावसाने वाचलेलं पीक घरात आलं आणि आभाराचा दिवस नेमला गेला. सभाघर फुलून गेलं. बेथायाला पुढच्या बाकावर, थॉर्पबाईंच्या शेजारी बसवलं होतं. पाद्री हॉली त्या दिवशी फार सुंदर बोलले. स्वर्गात पोचलेल्यांना तिथून नरकातली माणसं दिसतील, ते म्हणाले. पण त्यांना पाहून कुणाला दया येणार नाही. आई लेकरासाठी रडणार नाही, लेकरू आईसाठी रडणार नाही. देवाचा न्याय पाहून ते गातील. बायका डोळे पुसत होत्या. बेथाया ऐकत होती. आपण वर बसलोय, आई खाली आहे, आणि आपण गातोय, हे ती डोळ्यांपुढे आणून बघत होती.

मग पाद्रींनी तिला उभं केलं, सगळ्यांना दिसावी म्हणून जरा वळायला सांगितलं, आणि प्रेमाने विचारलं, "बेथाया पेल, देवाने त्या बाईच्या हातून तुला सोडवलं. या घरात, त्याच्यासमोर सांग. त्याबद्दल तू मनापासून त्याचे आभार मानतेस का?"

खरं बोलली असती तर आईने जे केलं ते मातीत गेलं असतं, हे तिला कळत होतं. पण तिच्या मनात तेवढंच नव्हतं. देवाच्या घरात, देवाचं नाव घेऊन विचारलं होतं. एका खोट्या शब्दाचं काम होतं. तिने मान वर केली आणि आवाज जरासुद्धा हलू दिला नाही, कारण हे नीट ऐकलं जायला हवं होतं.

"होय, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "देवाशपथ, मनापासून मानते."

सारं सभाघर आमेन म्हणालं. बेथाया खाली बसली. आता आई होती तिथे जायला तिला कुणी अडवू शकणार नव्हतं.